नगरपालिकेचा अर्ज आणि आमची घरपट्टी

गेल्या माघांतील गोष्ट. सायंकाळीं ओटीवर बसून आम्ही नातवाकडून ‘राम’ शब्दाचीं रूपें म्हणवून घेत होतों. पंचमीपर्यंत मजल गेली होती, तोंच दारांत दोन गृहस्थ उभे राहिले. पैकीं एक नगरपालिकेच्या बांधकाम विभागांतील लिपिक. ते आमचे जुने विद्यार्थी. आठवींत असतांना संधि सोडवितां सोडवितां त्यांना घाम फुटत असे, पण आज गांवांतील निम्म्या रस्त्यांच्या फायली त्यांच्याच हातांखालून जातात. दुसरे एक तरुण अभियंते, पुण्याच्या कुठल्याशा सल्लागार संस्थेनें पाठविलेले. नातवानें संधि साधून षष्ठीच्या आधींच आंत धूम ठोकली.

चहा झाल्यावर विषय निघाला. डिसेंबर २०२५ मध्यें निवडणुका होऊन, कित्येक वर्षांच्या प्रशासकी कारभारानंतर, आमच्या गांवास पुन्हां नगराध्यक्ष व नगरसेवक लाभले. नव्या मंडळींनीं पहिल्याच सभेंत ठराव केला कीं, जुनी पेठ, तिच्यांतील गटारें आणि नदीचा घाट यांच्या पुनरुज्जीवनासाठीं शासनाकडे निधि मागावा. अशा मागणीस सविस्तर प्रकल्प अहवाल जोडावा लागतो. त्यांत नकाशे, अंदाजपत्रकें वगैरे अभियंत्यांनीं करावयाचीं. परंतु आरंभीं गांवाचा इतिहास व सद्यःस्थिति अशीं दोन पानें हवींत, तीं आम्हीं लिहून द्यावीं, अशी विनंति होती.

“सर,” अभियंते नम्रपणें म्हणाले, “वैभव जितकें थोर दिसेल तितकें बरें, आणि आजची दुरवस्था जितकी करुण दिसेल तितकें त्याहून बरें. दोहोंमधलें अंतर ठळक झालें कीं पुढचें काम सोपें होतें.”

हा उपदेश साहित्यशास्त्राच्या एखाद्या ग्रंथांत सहज शोभला असता. आम्हांस हंसूं आलें. पण खरें सांगावयाचें तर आनंदहि झाला. सेवानिवृत्त मास्तराकडे लिहिण्याचें काम घेऊन कोण येतो? लग्नपत्रिकेचा मजकूर आणि कोणाचा सत्कार असला तर मानपत्र, याहून मोठें काम आमच्या लेखणीस दहा वर्षांत मिळालें नव्हतें. दोन रात्री बसून आम्हीं तीं पानें लिहून काढलीं.

आमचें गांव कृष्णाकांठचें, ‘क’ वर्ग नगरपालिकेचें. एक लाखावर वस्ती असली कीं ‘अ’, चाळीस हजारांवर ‘ब’ आणि त्याखालीं ‘क’, अशी ही वर्गवारी आहे. म्हणजे वर्गांत आमचा बांक शेवटचा. गांवाचें नांव येथें मुद्दामच घालीत नाहीं. घाट, देवळें, पेशवाईंतले वाडे, तांबट आळी, गुळाची पेठ हें सर्व कृष्णाकांठच्या इतर गांवांसारखेंच येथेंहि आहे, किंवा होतें. लहानपणीं शाळेस जातांना तांबट आळींतून जावें लागे, तेव्हां भांड्यांवरच्या ठोक्यांनीं कान किटत. आतां त्या आळींत ठोक्याचा आवाज ऐकावयास मुद्दाम थांबावें लागतें. वाड्यांपैकीं निम्म्यांना कुलुपें आहेत. मुलें पुण्यास, कांहीं त्याहूनहि लांब. गटारें उघडीं आहेत आणि तीं शेवटीं जेथें जावयाचीं तेथेंच, म्हणजे आम्ही ज्या पायऱ्यांवर संध्या करीत असूं त्यांच्याच बाजूस, नदींत जातात. हें सर्व आम्हीं लिहिलें. करुण रसासाठीं आम्हांस फारसे कष्ट पडले नाहींत.

इतिहास लिहितांना मात्र एक गोष्ट मनांत घोळूं लागली. शाळेंत इतिहास शिकवितांना आम्ही मुलांस सांगत असूं कीं, मुंबई इलाख्यांत गांवोगांवीं नगरपालिका निघाल्या त्या १८५० च्या सव्विसाव्या कायद्याखालीं, आणि त्या कायद्याची खुबी ही कीं, गांवच्या रहिवाशांची इच्छा असेल तरच तो त्या गांवास लागू व्हावयाचा. म्हणजे पहिला अर्ज होता तो असा: आम्ही आमच्यावर कर बसवून घेऊं, आम्हांस आमचें गांव झाडूं द्या. पुढें मे १८८२ मध्यें लॉर्ड रिपन यांचा प्रसिद्ध ठराव आला. त्यांत स्थानिक स्वराज्य हें कारभार सुधारण्यापेक्षां लोकांच्या राजकीय शिक्षणाचें साधन म्हणून हवें, असें स्पष्ट म्हटलें होतें. मास्तर मंडळींना हा ठराव प्रिय असण्याचें कारण उघड आहे. पण गांवाची ही शाळा चालण्यास फी लागते आणि ती पालकांनींच भरावी लागते, हा त्यांतला दुसरा भाग आम्हीं वर्गांत कधीं फारसा रंगवून सांगितला नाहीं.

ती फी म्हणजे मुख्यतः जकात. आमच्या लहानपणीं गांवाच्या दोन्ही वेशींवर जकात नाके होते. बांबूचा अडसर, पत्र्याची टपरी, कंदील, आणि कानावर पेन्सिल लावलेला कारकून. आमचे तीर्थरूप एकदां मामांकडून गुळाच्या दोन ढेपा घेऊन येत होते, त्या कारकुनानें अडविल्या. ढेपा घरखाण्याच्या आहेत, विकावयाच्या नाहींत, असें त्यांनीं पुष्कळ सांगून पाहिलें. शेवटीं पावती फाडली गेली. घरीं येऊन ते दोन दिवस त्या कारकुनाच्या नांवानें बोटें मोडीत होते, पण ती पावती त्यांनीं जपून ठेवली, आणि त्याच वर्षीं आमच्या आळींत नळ आला तेव्हां ती काढून आईस दाखविली: “हा बघ, आपल्या गुळाचा नळ.” जकातींत खाबूगिरी होती, खोळंबा होता, व्यापाऱ्यांना जाच होता, हें सर्व खरें. १९९९ सालीं राज्यांतील नगरपालिकांची जकात बंद झाली तेव्हां गांवांत पेढे वांटले गेले, ते आम्हींहि खाल्ले. महानगरपालिकांच्या जकातीहि पुढें एकामागून एक गेल्या आणि जुलै २०१७ मध्यें मुंबईची शेवटची जकात गेली. जकातीच्या बदल्यांत सरकारी अनुदान येऊं लागलें. पैसा आला, पण तो वेशीवरून येण्याऐवजीं मुंबईहून येऊं लागला, आणि नगराध्यक्षांची नजर वेशीवरून उठून मुंबईच्या वाटेकडे लागली ती कायमचीच.

मध्यंतरीं १९९३ मध्यें चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ति अंमलांत आली. तिच्या बाराव्या अनुसूचींत नगरपालिकांनीं करावयाचीं अठरा कामें मोजून दिलीं आहेत. कामें मोजून दिलीं, पैसे मोजून दिले नाहींत. ते योजनांच्या रूपानें येत राहिले. १९७९ सालापासून लहान व मध्यम शहरांसाठीं केंद्राची एक योजना होतीच. २००५ मध्यें तिच्या जागीं दुसरी आली, तींत केंद्रानें शंभरांतले ऐशीं द्यावे, राज्यानें दहा आणि नगरपालिकेनें दहा, असा हिशेब होता. २०१० मध्यें राज्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त नगरोत्थान अभियान सुरू झालें. २०१५ मध्यें ‘अमृत’ आली, २०२१ मध्यें तिची दुसरी आवृत्ति. तींत लाखाच्या आंतील गांवांना केंद्राकडून निम्मा खर्च मिळावयाचा होता. या योजनांनीं कांहींच झालें नाहीं असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. आमच्या गांवाचा पाण्याचा दाब, अर्धे रस्ते आणि नवी टाकी त्यांतूनच झाली.

पण मागणाऱ्याच्या मागण्यास देणाऱ्याच्या झोळीचा आकार येतो. अर्ज हा शब्द अरबी व अर्थी हा संस्कृत, पण दोहोंच्या मागें तोच एक हात पसरलेला. त्या १९७९ च्या योजनेंत मंडई, दुकानगाळे अशा उत्पन्नाच्या कामांवर भर असे. भाड्यांतून पैसा परत यावा आणि पुढच्या कामास लागावा, ही कल्पना चांगलीच होती. त्या वेळीं आमच्या गांवास खरी गरज होती गटारांची. परंतु गटारास भाडें कोण देणार? तेव्हां मंडईचा प्रस्ताव गेला, मंजूर झाला, आणि पेठेच्या तोंडाशीं दुमजली मंडई उभी राहिली. वरच्या मजल्यावर भाजीचे ओटे, खालीं गाळे. गाळ्यांत आज कांहीं झेरॉक्सवाले, एक न्हावी आणि नगरपालिकेचेंच भंगार आहे. वरचे ओटे ओस आहेत. भाजीवाल्या बायका पहिल्यापासून आजतागायत समोरच्या रस्त्यावरच बसतात. हीं दोन पानें लिहीत असतां आम्हीं मुद्दाम त्यांतल्या एकीस विचारलें कीं, एवढें छप्पर सोडून तुम्ही उन्हांत कां? ती म्हणाली, “मास्तर, चार मिरच्यांसाठी जिना कोण चढतंय? गिऱ्हाईक उन्हात उभं ऱ्हाईल, पर जिना चढायचं न्हाई.” मंडईचा नकाशा काढणाऱ्यास हा प्रश्न त्या वेळीं कोणी सांगितला असता, तर त्याचा कागद वांचला असता. पण प्रस्तावाला घाई होती. मार्चअखेर जवळ आली होती.

मोठ्या शहरांचेंहि याहून निराळें नाहीं. जानेवारी २०१६ मध्यें ‘स्मार्ट सिटी’साठीं पहिलीं वीस शहरें निवडलीं गेलीं, त्यांत पुण्याबरोबर सोलापूर होतें. शहरामागें पांच वर्षांत केंद्राचे ५०० कोटि आणि राज्य व शहर यांचे मिळून तितकेच, असा तो मोठा मनसुबा होता. सोलापुरास आमची लेक दिली आहे, म्हणून आमचें जाणें येणें असतें. दिवे आले, रस्ते झाले, तलावाचा कांठ सजला. पण उजनीहून येणारी सुमारें ११० किलोमीटरांची दुसरी जलवाहिनी वर्षानुवर्षें रखडली, आणि तोंवर आमची लेक चार चार दिवसांचें पाणी पिंपांत भरून ठेवीत असे. सजलेल्या कांठावर फिरावयास नेतांना तिनें आम्हांस बजावलें होतें, “बाबा, घरून हातपाय धुऊन निघूं नका, आल्यावर एकदांच धुवा.”

असो. पानें लिहून झालीं. आठवड्यानें ते दोघे पुन्हां आले. अभियंत्यांनीं मजकूर वाचला, फार वाखाणला आणि मग बोलतां बोलतां ते स्वहिस्स्यावर आले. योजना कोणतीहि असो, खर्चाचा कांहीं वांटा नगरपालिकेनें आपल्या पदरचा घालावा लागतो. शासन विचारतें कीं तुमची घरपट्टीची मागणी किती, वसुली किती, फेरआकारणी केव्हां केली. पंधराव्या वित्त आयोगानें तर अशी अटच घातली कीं, राज्यानें घरपट्टीचे किमान दर ठरवावे आणि पुढें वसुली राज्याच्या उत्पन्नाच्या वाढीबरोबर वाढती असावी, तरच शहरांनीं अनुदानास पात्र व्हावें. “आपल्या गांवाची ही बाजू जरा लंगडी आहे,” अभियंते म्हणाले. आमचे विद्यार्थी मात्र चहाच्या कपांत पाहूं लागले.

त्यांच्या संकोचाचें कारण लवकरच कळलें. कायद्याप्रमाणें घरपट्टीची आकारणी चार वर्षांनीं नव्यानें करावयाची असते. आमच्या गांवीं ती २०१९ सालीं निघाली होती आणि बारगळली होती. कां बारगळली, तें दाखविणारा कागद फायलींत होता. अभियंत्यांनीं तो भाबडेपणानें बाहेर काढला. “सर, ही हरकत कोणीं लिहिली आहे तें माहीत नाहीं, पण भाषा अगदीं आपल्यासारखीच आहे.”

भाषा आमचीच होती. आळींतल्या चाळीस घरांच्या वतीनें ती हरकत आम्हींच लिहिली होती, आणि पहिली सहीहि आमचीच होती. पण ती त्या काळीं आम्ही मोडीच्या वळणानें करीत असूं, म्हणून त्या तरुणास ती लागली नाहीं. घरपट्टी ठरते ती घरास वर्षाला किती भाडें येऊं शकेल यावरून. तेव्हां आम्हीं लिहिलें होतें कीं, सदरहू घरें जीर्ण, मातीचीं व राहण्यास जेमतेम योग्य असून त्यांस भाड्याचें मूल्य म्हणून कांहीं उरलेलें नाहीं. त्या वर्षीं ऑगस्टांत कृष्णेचा महापूर आला होता, खालच्या आळींतल्या भिंती खचल्या होत्या, आणि लोक खरोखरच हवालदिल होते. हरकतीचा तेवढा भाग अक्षरशः खरा. पण आमचा वाडा वरच्या अंगास. त्याच्या जोत्यालाहि पाणी लागलें नव्हतें. सभासदांनीं हरकत मान्य केली, आकारणी पुढें ढकलली. मग प्रशासक आले, आणि तो विषय आमच्याच विशेषणांखालीं गाडला गेला.

दुसरा कागद त्याच टेबलावर होता. त्यांत त्याच आळींतल्या त्याच वाड्यांविषयीं आम्हीं लिहिलें होतें: सागवानी तुळया, कोरीव महिरपी व भक्कम दगडी जोतीं यांनीं युक्त असा अमूल्य वारसा. तीच लेखणी, तेंच घर. कर द्यावयाचा तेव्हां माती, मागावयाचें तेव्हां माणिक.

आम्हीं त्या मुलास सांगून टाकलें कीं हरकत आमचीच. तो बिचारा इतका ओशाळला कीं त्याचेंच सांत्वन करावें लागलें.

रात्रीं पंगतींत हा विषय निघाला. आमचा वाडा चार हिश्शांचा: आम्ही, घरांतच राहणारे धाकटे बंधु, सांगलीस स्थायिक झालेले मधले बंधु, आणि कैलासवासी वडील बंधूंचा मुलगा, जो पुण्यास संगणकाच्या नोकरींत आहे. अकरा खोल्या, दोन चौक, आणि वर्षाची घरपट्टी १६४० रुपये. सूनबाई बँकेंत आहेत. त्यांना हिशेब तोंडीं येतो. आमटी वाढतां वाढतां त्या म्हणाल्या, “म्हणजे दिवसाला साडेचार रुपये. बाबा, घरांत माणसें नऊ. माणशीं आठ आणे.” धाकटे बंधु कडाडले. गटार तुंबलें तर कोण येतो? दिवा गेला तर कोण लावतो? हे लोक काम करीत नाहींत तर वाढीव पैसा कशाचा? प्रश्न रास्त होता. पण आम्हांस त्याचें उलट टोकहि दिसत होतें. साडेचार रुपयांत येणाऱ्या माणसाची आपण किती वाट पाहावी? सूनबाईंनीं ताटांत भात वाढून विषय संपविला: “काका, आपल्या गच्चीवरच्या डिश-टीव्हीला आपण याच्या दुपटीनें देतों, आणि तोहि पावसांत बंदच असतो.”

त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. लांच घेतली नाहीं, खोटें प्रमाणपत्र दिलें नाहीं, शिकवणीचे पैसे गरिबाकडून घेतले नाहींत, अशी आम्ही स्वतःची एक मूर्ति घडवून ठेवली होती. विशेषणें खोटीं असूं शकतात हें भाषेच्या मास्तरास ठाऊक नसावें काय? पण स्वतःच्या हरकतीकडे आम्हीं सहा वर्षांत त्या दृष्टीनें एकदांहि पाहिलें नव्हतें. उलट आळींत कोणी भेटलें कीं, “मास्तर, तुमच्या अर्जामुळें वांचलों,” हें वाक्य आम्हीं नमस्कारासारखें स्वीकारीत आलों होतों.

दुसऱ्या दिवशीं दोन कामें केलीं. अहवालाचीं पानें परत मागवून त्यांतून ‘अमूल्य’ काढलें, दुरवस्थेच्या परिच्छेदांत गटारांची हकीकत तशीच ठेवली, आणि मंडईच्या जिन्याचा मजकूर व भाजीवालीचें म्हणणें, अर्थात् नागर भाषेंत, नवीन घातलें. घाटावर दगडी मंडप बांधण्याचा जो एक आराखडा आहे, त्याआधीं गटारांचें पाणी नदीपासून वळवावें, असेंहि सुचविलें. अभियंत्यांनीं तें मान्य केलें कीं नुसतें ऐकून घेतलें, हें त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

दुसरें काम एका अर्जाचें. २०१९ च्या हरकतींतील आमच्या घरापुरता भाग आम्ही मागें घेत आहोंत, वाडा सुस्थितींत आहे, तरी त्याची नव्यानें आकारणी व्हावी, असा तो चार ओळींचा अर्ज. तो घेऊन आम्ही नगरपालिकेंत गेलों. आवक बारनिशीवर बसलेल्या मुलीनें तो दोनदां वाचला आणि आंत जाऊन आमच्या विद्यार्थ्यांना बोलावून आणलें. ते डोकें खाजवीत म्हणाले, “सर, कर कमी करा म्हणून अर्ज येतात, त्यांना रकाना आहे. वाढवा म्हणून आलेला हा पहिलाच. कुठें नोंदवूं?” शेवटीं तो ‘तक्रारी’ या सदरांत नोंदविला गेला.

पण एका सहीनें भागत नाहीं, वाडा चौघांचा. धाकटे बंधु दोन दिवस बोलले नाहींत, तिसऱ्या दिवशीं देवघरांतून आल्यावर सही करून कागद आमच्या पुढ्यांत टाकून गेले. सांगलीच्या बंधूंनीं फोनवर सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, “दादा, बरा आहेस ना?” सही मात्र पाठविली. पुण्याच्या पुतण्याचा प्रश्न अवघड होता, आणि तो त्यानें सरळ विचारला: “काका, मी तिथें वर्षांतून गणपतीला दोन दिवस येतों. तिथला नळ मी सोडत नाहीं, दिवा लावत नाहीं. मी जास्त कां भरूं?” आम्हीं त्यास पत्र लिहिलें. उपदेश लिहिला नाहीं. त्याच्या आजोबांची गुळाची पावती अजून आमच्या पेटींत आहे, तिचा फोटो नातवाकडून काढवून घेऊन त्याला पाठविला.

फाल्गुनांत सभा झाली. आम्ही प्रेक्षकांच्या बांकावर होतों. निधीच्या मागणीचा प्रस्ताव एकमतानें, टाळ्यांच्या गजरांत मंजूर झाला. पुढचा विषय घरपट्टीच्या फेरआकारणीचा होता. सभागृहांत एकाएकीं शांतता पसरली. मग कोणीतरी म्हणालें कीं, विषय गंभीर आहे, अभ्यास व्हावा. आणि तो पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. बाहेर जिन्यावर नव्या नगरसेवकांपैकीं एक तरुण आमच्या पायां पडला आणि हलक्या आवाजांत म्हणाला, “सर, तुमचा अर्ज वाचला. पण तुमच्या आळींतले एकोणचाळीस लोक अजून त्या जुन्या अर्जावर आहेत.”

अहवाल मुंबईस रवाना झाला आहे. आम्ही सध्यां रोज सायंकाळीं नातवाचा अभ्यास झाला कीं काठी घेऊन आळींत निघतों आणि एकेका ओटीवर बसतों. आजवर एकोणचाळिसांपैकीं पांच घरें झालीं. तिघांनीं चहा दिला, एकानें विचार करतों म्हणून सांगितलें, आणि पांचव्या घरीं, जेथें २०१९ च्या पुरांत खरोखरच भिंत पडली होती, तेथें आम्हीं अर्जाचा विषयच काढला नाहीं. पुतण्याचें उत्तर अद्याप यावयाचें आहे.